मुकाशच्या पोबेदाचा चौथा सिलिंडर

माझी मोठी जाऊ बुरुल टोकमोकच्या मोटार-दुरुस्ती कारखान्यात इंजिनाचे झिजलेले सिलिंडर बोअर करायची, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करायची. कारखाना बंद पडला, तिचं बोअरिंगचं मशीन भंगारात निघालं, तेव्हा तिने ते गवताच्या ट्रेलरवर घालून घरी आणलं आणि भिंत पाडून स्वयंपाकघरात बसवलं.

"आता रस्सा यावरच शिजवणार का?" थोरले दीर, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले.

"तुम्ही खाणार असाल तर शिजवते."

एकदा हिवाळ्याच्या तोंडाला तिचा जुना मुकादम मुकाश आला. बायकांचा हात थरथरतो म्हणून त्याने तिला सुरुवातीला नुसतं झाडायला लावलं होतं. आता त्याला आपल्या वडिलांच्या जुन्या पोबेदा गाडीतून मुलीची पाठवणी करायची होती, आणि तिच्या इंजिनाचा झिजलेला ब्लॉक बोअर करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

बुरुलने मोजमाप घेतलं. "तीन सिलिंडर ठीक आहेत. चौथ्यात खोल चरे पडलेत. जास्त कापावं लागेल, आणि सिलिंडरची भिंत मागून, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याने, गंजली असेल तर फुटेल. मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

"काप."

तीन सिलिंडर नीट झाले. चौथ्यात पाती निम्म्यावर गेली आणि कापण्याचा आवाज बदलला. बुरुलने मशीन थांबवलं. भिंतीत मसुराएवढं भोक पडलं होतं. त्यातून तांबूस पाणी झिरपत होतं.

"हललाच ना हात!" मुकाश ओरडला.

बुरुलचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, ब्लॉकसकट त्याला अंगणात फेकते. तिने त्याचं बोट धरून भोकाच्या कडेवर टेकवलं. पत्र्यासारखी पातळ, गंजाने पोखरलेली कड. तो मटकन बसला.

"चहा घ्या," ती म्हणाली, "आणि बाजूला सरका."

ट्रॅक्टरच्या सिलिंडरच्या जुन्या अस्तरातून, लायनरमधून, तिने स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची पातळ नळी, कातून काढली. ती आकसावी म्हणून माझ्या फ्रीजरमध्ये घोड्याच्या मांसाशेजारी रात्रभर ठेवली. सकाळी तो सिलिंडर मोठा बोअर केला, ब्लॉक तापवला, आणि गार स्लीव्ह सरळ आत उतरली. मग तिने ती आतून बोअर करून बाकीच्या तिघांच्या मापाला आणली.

मुलगी पोबेदातूनच सासरी गेली. मुकाशने माफी कधी मागितली नाही. पण लग्नाच्या जेवणात ज्येष्ठ पाहुणीला द्यायचा मांसाचा मानाचा तुकडा त्याने स्वतः उचलून बुरुलपुढे ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धा तिने तिथेच खाल्ला, उरलेला दिरांसाठी बांधून घेतला.