मी देते, मी देते!

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल.

तर झालं असं, की मी शेजारच्या मुलीला चार हजार सहाशे पन्नास रुपयांची साडी घेऊन दिली. यात फजिती कसली, म्हणाल. फजिती अशी, की मला ती घेऊन द्यायचीच नव्हती!

वारज्यात आमच्या सोसायटीत मला सगळे मंदाकाकू म्हणतात. माघारी सीसीटीव्ही म्हणतात, तेही मला माहीत आहे. पण शेजाऱ्यांची काळजी करणं म्हणजे भोचकपणा का हो? समोरच्या फ्लॅटमधली सोनल हिंजवडीहून किती वाजता येते, कंपनीच्या बसने की रिक्षाने, डबा खाल्ला की तसाच परत आणला (पिशवी कशी हलते त्यावरून कळतं), हे मला सगळं ठाऊक असतं. पोरीची आई तिकडे वर्ध्याला. इथे कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

एके दिवशी संध्याकाळी सोनल पेढे घेऊन दारात.

"काकू, पहिला पगार झाला!"

"अगं वा! किती?"

नुसती हसली. हल्लीची मुलं हुशार.

"पुढच्या शनिवारी आई येतेय. तिला साडी घ्यायचीय, माझ्या पगारातून. मला साडीतलं काही कळत नाही. तुम्ही याल का?"

याल का? अहो, मी तोपर्यंत मनातल्या मनात पर्स घेऊन खाली रिक्षाला हात केला होता.

मग ती सांगत बसली. आई लोकांच्या साड्यांना फॉल लावते, पिको करते. त्यावर तिने दोन पोरं शिकवली. "हजारो भारी साड्या तिच्या हातून गेल्या काकू, पण त्यातली एकही तिच्या अंगावर आली नाही. म्हणून ही मीच घेणार. माझ्या पैशांनी." हे शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली. दोनदा! मी ऐकलंसुद्धा. पुढे जे झालं ते बहिरेपणामुळे नाही झालं.

ते झालं माझ्या कलेमुळे.

आता ही कला तुम्हालाही येते, उगाच साळसूद चेहरा करू नका. बरोबर कुणी असलं आणि पैसे द्यायची वेळ आली, की आपण ओरडतो ना, "अहो, मी देते, मी देते!" भेळ असो, रिक्षा असो. ओरडायचं सगळ्यांत आधी, आणि पर्स उघडायची सगळ्यांत शेवटी. पंचवीस वर्षांत माझ्या पर्सची झिप एकदाही वेळेवर उघडलेली नाही. ती उघडली की आतला कप्पा, कप्प्यात बटवा, बटव्याला बटण. तोवर समोरच्याने पैसे दिलेले असतात. मग आपण रागवायचं, "हे काही बरं नाही केलंत हं तुम्ही!" मन राहतं, मान राहतो आणि नोटही राहते.

कार्ड आलं तेव्हा थोडी धास्ती होती, पण कार्ड उलट सोयीचं निघालं. ते हवेत नाचवता येतं! आणि ते मशिनीत घाला, सरळ आहे का उलटं बघा, पिन आठवा… एवढ्या वेळात लोक बिल भरून घरी पोचतात.

गेल्या महिन्यात बँकेने नवीन कार्ड पाठवलं. त्यावर चार बाकदार रेघा. मुलगा बंगळूरला असतो, त्याने फोनवर समजावलं, "आई, हे आत घालायचं नाही, नुसतं टेकवायचं. पाच हजारांच्या आत असेल तर पिनही लागत नाही."

"हो हो, कळलं," मी म्हटलं. कुकर शिट्ट्या मारत होता. डोक्यात एवढंच राहिलं, टेकवायचं. म्हणजे नाही टेकवलं, तर काही होत नाही. बरोबर ना?

रविवारी आम्ही सदाशिव पेठेतल्या एका साडीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मालक, आणि त्यांच्या डोक्यावर पाटी : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कारण सांगू नये.' मी चाळीसेक साड्या उलगडायला लावल्या. मालक म्हणाले, "बाई, अजून दाखवतो, पण मग कपाटामागची भिंत दिसायला लागेल."

शेवटी एक सापडली. शेवाळी रंग, बारीक जरीचा काठ, हाताला अशी मऊ की विचारू नका. सोनलने पहिल्यांदा काय पाहिलं असेल? पदर नाही, किंमत नाही. खालची कड उलटून पाहिली. "आई फॉल हाताने लावेल," म्हणाली आणि ती कड बोटांनी कुरवाळत राहिली.

गल्ल्यावर आलो. पोरीने कार्ड काढलं, तेही नवं कोरं. मग लाजत मालकांना म्हणाली, "काका, मी पैसे देताना एक फोटो काढाल? आईला पाठवायचाय."

"आम्ही साड्या विकतो," मालक म्हणाले. पण घेतला फोन हातात.

"काकू, तुम्हीपण या ना फोटोत!"

गेले. एका हाताने मालकांनी मशीन पुढे केलं, दुसऱ्या हातात फोन. सोनलचा हात पुढे आला, आणि माझ्या तोंडून, मेलं ते तोंड, पंचवीस वर्षांच्या सवयीने निघालं,

"अगं थांब थांब, मी देते!"

आणि कार्ड नाचवलं. मशिनीच्या वर, चांगलं दोन बोटं अंतर ठेवून. टेकवलं नाही हो! शप्पथ, टेकवलं नाही!

टीं.

मशिनीतून कागद बाहेर यायला लागला. मला वाटलं सोनलचं झालं. पण सोनलचं कार्ड तर तिच्या हातात, हवेत.

"झालं," मालक म्हणाले.

"काय झालं?"

"पेमेंट."

"पण मी टेकवलं कुठे?"

"जवळ आणलंत ना. पुरतं तेवढं."

बघा! माणसांना शंभरदा आग्रह केल्याशिवाय खरं वाटत नाही, आणि या मशिनीने माझं पहिल्याच वेळेला मनावर घेतलं!

मी तोंड उघडलं, सांगायला की अहो चूक झाली, फिरवा मागे. तेवढ्यात सोनलकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आलेले. "काकू… तुम्ही?" आणि वाकून पाया पडली, भर दुकानात. साडी घेणाऱ्या दोन बायका "किती छान हो!" म्हणाल्या. आता अशा वेळी काय बोलणार? 'ऊठ बाई, ते चुकून झालं'?

मी म्हटलं, "तू मला मुलीसारखी."

रिक्षात ती म्हणाली, "काकू, मी पाठवते तुम्हाला पैसे."

"वेडी आहेस का? राहू दे!" तेही सवयीने. एकदा घसरलेली जीभ जिना उतरूनच थांबते.

घरी हे सोफ्यावर, हातात मोबाइल. कार्ड यांच्या खात्याचं, त्यामुळे मेसेज यांना आलेला.

"साडी घेतलीस?"

"हो."

"दाखव की."

"समोर आहे."

यांनी समोर पाहिलं. समोर टीव्ही.

"समोरच्या फ्लॅटमध्ये हो," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. यांनी मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाले, "दिवाळीत मी दोन बनियन मागितले, तर तू म्हणालीस आहेत ते चालतील."

इथवर निदान चांगुलपणाचं नाव तरी मिळालं होतं. पण संध्याकाळी मी दार पुसत होते. बाहेरून. समोरून सोनलचा आवाज आला. कान लावून ऐकत नव्हते हं, दार पुसायला लांबून जमतं का?

"हो गं, फोटोतलीच साडी. नाही, पैसे काकूंनी दिले… अगं, मलाच द्यायचे होते, पण त्यांनी इतक्या प्रेमाने… आता त्यांना काय बोलू?" मग जरा थांबून, "पुढच्या पगारात घेईन तुला माझी. पण पहिल्याची नाही ना झाली."

हातातलं फडकं तसंच राहिलं. आत्तापर्यंत मी माझ्याच पैशांना रडत होते. पोरीचं काय गेलं, ते मला तेव्हा कळलं.

त्याच मिनिटाला बेल वाजवायला हवी होती. नाही वाजवली. कारण उद्या सांगू म्हणेपर्यंत सोनलने कौतुकाने सगळ्या सोसायटीला सांगितलं! लिफ्टमध्ये बायका वाट अडवायला लागल्या. "मंदाताई, मन मोठं हो तुमचं!" दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई तर म्हणाल्या, "आमच्या सुनेलाही साडी घ्यायचीय, तुम्हीच जा ना बरोबर." आठवडाभर मी जिन्याने चढले.

शनिवार उजाडला. सोनलची आई, शोभाताई, आल्या आल्या आमच्याकडे. बारीक चणीच्या, बोटांवर सुईच्या खुणा. हातात तुरीच्या डाळीची पिशवी, संत्रा बर्फीचा डबा, आणि ती साडी. घडी न मोडलेली.

"ताई, कायले एवढा खर्च केला जी?" बाईंनी साडी माझ्यापुढे ठेवली. "पोरीनं घेतली असती तं आजच नेसली असती. ही तुमची. ठेवून देतो, सोनलच्या लग्नात तुम्हालेच आहेर करीन. रागावू नका."

सोनल खाली मान घालून उभी. साडी टीपॉयवर. हे पेपरआड. आणि मला ते सहन झालं नाही.

"अहो, मी पैसे दिलेच नाहीत!" मी ओरडले. "ते गेले!"

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. झिप, बटवा, दोन बोटं अंतर, सगळं. पंचवीस वर्षांची कला पाच मिनिटांत उघडी पडली.

शोभाताईंनी शांतपणे फोन काढला आणि दुकानातला तो फोटो माझ्यापुढे धरला. अहो, काय फोटो! मालकांनी नेमका 'टीं' झाल्यावर काढलेला. सोनलचं कार्ड हवेत, आणि मी… डोळे खोबणीबाहेर, तोंड असं उघडं की पडलेल्या दाढा मोजून घ्याव्यात.

"मी सोनलले म्हटलं होतं," शोभाताई म्हणाल्या, "की बाई प्रेमानं देऊन राहिली, तं असं तोंड काहून? मले वाटलं मशिनीचा करंट लागला!"

आणि हसल्या. सोनल तर जमिनीवर बसून हसली. मग उठली, फोन काढला. "काकू, आत्ताच्या आत्ता पाठवते."

आणि माझं तोंड, काय करावं या तोंडाला, म्हणालं, "अगं राहू दे गं, घाई काय…"

"सोनल!" पेपरआडून हे गरजले. "तिचं ऐकू नकोस! पाठव!"

पाठवले. पाठवताना फोटो काढला तो मी, आणि लांबूनच, दोन्ही हातांनी फोन धरून. शोभाताई आत जाऊन साडी नेसून आल्या. फॉल नव्हता लावलेला, पण कोण बघतंय? कड पायाशी येत होती तिथे त्या सारखा हात फिरवत होत्या. "माझ्या पोरीची," एवढंच म्हणाल्या.

इथे संपलं असतं तर मी शहाणी ठरले असते. पण संध्याकाळी आम्ही तिघी मस्तानी प्यायला गेलो.

सकाळच्या प्रकारानंतर यांनी मोबाइलवरून माझ्या कार्डाचं ते टेकवायचं बंद करून टाकलं होतं. म्हणजे मी मोकळी! आता कार्ड कितीही नाचवा, भीती नाही. शोभाताई पाहुण्या, आग्रह तर झालाच पाहिजे. मी पुढे झाले, "मी देते, मी देते!" आणि कार्ड चक्क मशिनीवर ठेवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मशीन गप्प. मी खूश.

"अरेरे, होत नाही वाटतं," मी हळहळले.

शोभाताईंनी लगेच कमरेची पिशवी काढली. "थांबा जी, मी देतो!" पिशवीत पुरचुंडी. पुरचुंडीला गाठ. गाठ काही सुटेना. जिची बोटं सुईत दोरा एका फटक्यात ओवतात, तिला गाठ सुटेना! सोनल पर्समध्ये हात घालणार, तर आईने डोळ्यांनीच दटावलं, "मोठे आहेत ना इथं."

खरंच अडकली होती की काय, मी विचारलं नाही. कलाकाराला असं विचारत नाहीत.

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने माझ्या हातातून अलगद कार्ड घेतलं आणि मशिनीच्या पोटात खुपसलं.

"काकू, टॅप बंद आहे तुमचं. पण आत घातलं की चालतंय. पिन टाका."

मी शोभाताईंकडे पाहिलं. गाठ अजून सुटत होती.

"टाका जी ताई," त्या म्हणाल्या. "हे काही बरं नाही केलं हं तुम्ही!"