तिसरा फोन

दातोबा हे नाव नातीनं ठेवलेलं. सदतीस वर्षं ते एका तळघरातल्या खोलीत बसून कवळ्या करत होते. प्लास्टरचे साचे, मेणाचा वास, पॉलिशचं चाक, सगळ्या कपड्यांवर पांढरी भुकटी. निवृत्त झाले तेव्हा सून म्हणाली, "बाबा, दुपारी हिला तुम्हीच सांभाळा. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." सून रुग्णालयात भूल द्यायचं काम करायची आणि मुलगा परगावी पुलांच्या कामावर.

दातोबांचा जन्म याच शहरातला. तरी दुकानात, बँकेत लोक हमखास विचारायचे, "तुम्ही मूळचे कुठले?" कारण रंग काळाभोर आणि केस दाट कुरळे. नात मात्र आईवर गेलेली, गोरीपान, पिंगट केसांची. वय साडेचार.

रोज चार वाजता दोघं बागेत यायची. नात घसरगुंडीवर आणि दातोबा बाकावर, शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल. ग्रंथपालांची ओळख चार महिन्यांची, पण गप्पा जमल्या होत्या. वर्तमानपत्राची पानं दोघं वाटून वाचायचे. ग्रंथपालांची कवळी हिरडीला टोचत होती, ती दातोबांनी घरी नेऊन घासून दिली होती.

त्या दिवशी भांडण झालं ते झोपाळ्यावरून. नातीची पाळी होती. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली आणि झोपाळ्याची साखळी धरून म्हणाली, "पुरे आता, याला बसू द्या."

"आत्ताच बसलीय ती," दातोबा म्हणाले. "पाच मिनिटं थांबा."

बाईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग नातीकडे. "ही कुणाची?"

"माझी नात."

"तुमची?" ती हसली नाही. नात तोवर रडायला लागली होती, झोपाळा थांबला म्हणून. बाई चार पावलं मागे सरकली आणि तिनं फोन लावला. दातोबांना स्पष्ट ऐकू आलं. "एक काळा माणूस आहे. त्याच्याजवळ गोरी मुलगी आहे, ती रडतेय. नात म्हणतोय."

दातोबांनी नातीला उचललं नाही. उचलून चालू लागलो तर पळतोय म्हणतील, एवढं त्या क्षणीही त्यांच्या लक्षात आलं. हात दिसतील असे मांडीवर ठेवून ते बाकावर बसले.

दोन पोलीस आले. एक हवालदार, एक तरुण बाई.

"काका, मुलीचा काही कागद आहे?"

"बागेत कागद कोण आणतं?"

"फोनमध्ये फोटो?"

त्यांचा फोन साधा, बटणांचा. सुनेला लावला, ती ऑपरेशनमध्ये. मुलाचा लागेना. पोलीसबाई नातीसमोर उकिडवी बसली. "बाळा, हे कोण?"

"दातोबा."

"नाव काय त्यांचं?"

"दातोबा," नात पुन्हा म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्याला चिकटली. पोलीसबाईनं हवालदाराकडे पाहिलं.

हवालदार हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, तुमच्याबद्दल हा तिसरा फोन आहे. म्हणून आम्हाला खात्री करावीच लागेल."

दातोबांनी वळून पाहिलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथपाल बसले होते. वर्तमानपत्र त्यांनी तोंडासमोर धरलं होतं.

चाळीस मिनिटांनी, ऑपरेशन आटोपून फोन पाहताच, सून धावत आली, डोक्यावरची हिरवी टोपी काढायचंही भान नव्हतं. तिनं नातीला कडेवर घेतलं, तसं हवालदारानं वही मिटली. "माफ करा मॅडम." माफी त्यानं तिच्याकडे बघून मागितली. झोपाळ्याजवळची बाई म्हणाली, "मी काळजीपोटीच केलं." सून तिच्याकडे वळली. "मग त्यांच्याशी बोलायचं होतं," ती म्हणाली. "फोन कशाला?"

दातोबांच्या डोक्यात मात्र एकच आकडा घोळत राहिला. आजचा तिसरा, तर आधीचे दोन कुणाचे? दुसऱ्या दिवसापासून बाग त्यांना वेगळी दिसू लागली. माळी पूर्वीसारखा हात हलवायचा, कशासाठी हलवतो? फुगेवाली नातीचं वय का विचारत होती? कुणी फोन कानाला लावला की ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत बसायचे. नातीच्या जन्मदाखल्याची प्रत त्यांनी खिशात ठेवायला सुरुवात केली. नात पडून रडली तर आधी आजूबाजूला बघायचे, मग तिच्याकडे. सुनेच्या ते ध्यानात आलं. "बाबा, बाग बदलू या," ती म्हणाली. दातोबा नाही म्हणाले.

चौकीत जाऊन त्यांनी विचारलंही. नावं सांगता येत नाहीत, असं उत्तर मिळालं. नोंद मात्र वाचायला मिळाली: 'संशयित इसम, लहान मुलीसह, वारंवार.'

तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपालांनी नेहमीसारखं मधलं पान पुढे केलं. दातोबांनी घेतलं नाही.

"चौकीत काय लिहिलंय माहितीये? वारंवार," दातोबा म्हणाले.

ग्रंथपालांनी पान घडी करून मांडीवर ठेवलं. "पहिले दोन माझे होते," ते म्हणाले. "तेव्हा आपली ओळख नव्हती."

"आणि त्या दिवशी? तेव्हा तर होती."

"तोंड उघडलं असतं तर आधीचं बाहेर आलं असतं."

"म्हणून पेपर वाचत बसलात."

दातोबांनी आवाज चढवला नाही. "साहेब, आत्ता मला जे सांगितलंत ते चौकीत लिहून द्या."

"तिथे सगळे ओळखतात मला."

"मलाही आता ओळखतात."

ग्रंथपाल आले. दातोबा, कडेवर नात आणि दोन पावलं मागे ग्रंथपाल अशी ती वरात चौकीत शिरली. ग्रंथपालांनी उभ्यानंच लिहिलं, की दोन्ही फोन मी केले, या गृहस्थांनी काहीही केलेलं नव्हतं, मी रंग पाहून शंका घेतली. शेवटचं वाक्य दातोबांनी सांगून लिहून घेतलं. पोलीसबाईनं कागद दोनदा वाचला आणि जुन्या नोंदीखाली लिहिलं, 'शंका निराधार, आजोबा व नात.' मग ती दातोबांकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं, तिला नाही."

बाहेर आल्यावर ग्रंथपाल म्हणाले, "उद्या येणार ना?"

"बागेत येणार," दातोबा म्हणाले.

ते रोज येतात, पण झोपाळ्याजवळच्या बाकावर बसतात आणि स्वतःचं वर्तमानपत्र विकत घेतात. ग्रंथपाल दिसले की मान हलवतात. दाखला अजून खिशातच असतो. सुनेनं दोनदा काढून कपाटात ठेवला, दोन्ही वेळा त्यांनी तो परत घेतला.