दहा जणांचं दशक
शेजारी बांधकाम सुरू झालंय, आणि ओल्या सिमेंटच्या वासानं मला भिलाईत रुआबांध्याजवळची आमची पत्र्याची शाळा आठवली. तेव्हा तिथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता. आम्ही अकरा पोरं तिथल्या मजुरांची. गुरुजी गणित मैदानात खेळायला लावत. दहा जणांनी हात धरले की एक दशक, उरलेला सुटा. सगळ्यांत लहान म्हणून सुटी नेहमी मीच. दशक हसत गोल धावायचं आणि मी धुळीत एकटी उभी. एकदा रडत विचारलं, "गुरुजी, मले कावून नाई घेत?" ते म्हणाले, "उद्या तुले मधात घेतो, पक्कं." दुसऱ्या दिवशी मी हात घासून धुऊन गेले, तर आमच्या दशकातल्या दोघी बहिणी आल्याच नव्हत्या. ठेकेदाराचं काम संपलं म्हणून त्यांचा बाप झोपडी मोडून त्यांना दुसऱ्या कामावर घेऊन गेला होता. आम्ही उरलेल्यांनी हात धरले. गुरुजींनी मोजलं, पुन्हा मोजलं. "सोडा रे हात," ते म्हणाले, "आता सारेच सुटे." पुढे एकेक करून बाकीचेही गेले, दशक पुन्हा झालंच नाही. आज खिडकीखाली मजुरांची पोरं हात धरून खेळताहेत. मी त्यांना मोजत नाही.