मनोऱ्याच्या गोळ्यातली चिठ्ठी

पूर्व जर्मनीतल्या एलर्सडॉर्फ गावाचा इतिहास गुड्रुनबाई चाळीस वर्षं लिहीत होत्या, फुकट आणि एकट्याच. गावाच्या जुन्या दप्तरखान्याची किल्ली त्यांच्या गळ्यात असे. जुन्या कागदाजवळ कुणी नुसती पेन्सिल नेली तरी त्या अशा कडाडत, की एकदा खुद्द पाद्रीबुवांनी काढता पाय घेतला होता. गाव त्यांना टरकून असे. त्यामुळे त्यांच्या दाराची घंटा फक्त पोस्टमन वाजवायचा.

त्या वर्षी चर्चच्या मनोऱ्याची डागडुजी निघाली आणि टोकावरचा सोनेरी गोळा साठ वर्षांनी खाली आला. गोळ्यात गावाची हकीकत आणि कारागिरांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या, पुढच्या डागडुजीला त्या चौकात वाचायच्या आणि नव्यांसोबत पुन्हा वर चढवायच्या, ही इथली रीत.

मागच्या वेळी छपराचं काम गुड्रुनबाईंच्या वडिलांनी, आर्नोंनी केलं होतं. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, पुढचे दोन दात पडलेले. वडिलांनी त्यांना उचलून गोळ्याला हात लावू दिला होता आणि बोबड्या बोलण्यावरून भरपूर चिडवलं होतं. पंधरा दिवसांनी ते सरहद्द ओलांडून पश्चिम जर्मनीत पळून गेले, ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. आई वाट बघून बघून वारली. गुड्रुनबाईंना मात्र एक आशा होती. जाणारा माणूस निदान गोळ्यात ठेवलेल्या आपल्या चिठ्ठीत तरी लेकीसाठी दोन शब्द लिहील.

चौकात सगळं गाव जमलं. सॉसेज भाजली जात होती. तांबटानं गोळ्यातली तांब्याची नळी कापली आणि महापौर होल्गर वाचू लागला. पावाची किंमत झाली, शाळेतल्या मुलांची संख्या झाली.

"आता छपरवाला आर्नो," तो म्हणाला. गुड्रुनबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"'हवा कोरडी. बियर पातळ. उत्तरेकडच्या बाजूला स्वस्तातले खिळे मारायला लावलेत. ती बाजू गळणार. मी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही.'"

चौक खो खो हसला.

"गळली की हो!" बेकरीवाली ऊटे ओरडली. "माझ्या लग्नात नवऱ्याच्या टकलावर टपटप चालू होतं!"

"पुढे?" गुड्रुनबाईंनी विचारलं.

"पुढे सही, बाई. संपलं."

त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटली. मागची बाजू कोरी होती. साठ वर्षं ज्याच्यावर काढली ते एवढंच होतं, आणि भर चौकात त्यांना इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी दप्तरखान्यात बसून त्यांनी गावाची नवी हकीकत पुरी केली. शाळा बंद, खाटीक गेला, वस्ती निम्मी. सगळे कागद गुंडाळायला घेतले तेव्हा वडिलांची चिठ्ठी पुन्हा वर आली.

"आटपा, गुड्रुनबाई!" खालून तांबटाची हाक आली. "डाख मारून नळी बंद करायचीय, क्रेनवाला थांबणार नाही."

"आले रे. ओरडू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जुन्या कागदाला पेन्सिल लावली. चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:

"बाबा, उत्तरेकडची बाजू खरंच गळली. माझे दात आले होते. गुड्रुन."