‘प्रति’च्या खालची ओळ

आमच्या यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये चौदा मशिनी होत्या आणि प्रत्येक मशिनीवर बसणाऱ्याला पहिला धडा एकच असायचा. अर्ज लिहिताना ‘प्रति’ हा शब्द एकटा बसतो. त्याच्यापुढं स्वल्पविराम द्यायचा आणि ज्याला अर्ज करायचा त्याचं नाव खालच्या ओळीवर. “साहेबाले प्रतिच्या बाजूले कोंबलं तर साहेब अर्ज वाचत नाई,” असं हे म्हणायचे. चांदूर रेल्वेला सहा वर्षं म्हणाले, मग अमरावतीत सोळा वर्षं.

मी रोज सकाळी वंदना झाली की वहीत चार ओळी लिहिते. या पावसाळ्याची पानं काल पुन्हा चाळली. सगळीकडं हेच दिसले, म्हणून त्यांच्याबद्दल एका जागी लिहून ठेवते.

यांचं नाव धर्मपाल. वय त्रेपन्न. टायपिंगला पोरं येईनाशी झाली तशा मशिनी भंगारात गेल्या, एक तेवढी पलंगाखाली राहिली. सेहेचाळिसाव्या वर्षी हे कॉम्प्युटर शिकले. स्वयंपाकघराच्या दारात बसून शिकले, कारण उजेड तिथंच बरा. मी पोळ्या लाटायची आणि हे मोठ्यानं वाचायचे, त्यामुळं जावास्क्रिप्ट काय असते ते मलाही जरासं कळतं. वेबसाइटच्या पानाला ‘हे दाखव, ते मोज, अमक्याला तमकं दे’ असं सांगायची ती भाषा. पाच वर्षांपासून हे महादेवरावांच्या ऑफिसात ती भाषा लिहितात. ऑफिस म्हणजे एक खोली, पाच माणसं आणि एक कूलर.

त्या पाचांत नगमा आहे. वलगावच्या इनायतुल्लाभाईंची मुलगी. यांच्या शेवटच्या बॅचला टायपिंग शिकली, पुढं इंजिनिअर झाली, आणि आता यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसते तरी यांना सरच म्हणते. याच नगमानं जूनमध्ये महादेवरावांना पटवून ऑफिसात लिंटर आणला.

लिंटर म्हणजे लिहिलेला कोड वाचून पाहणारा प्रोग्रॅम. पाच जणांचं लिहिणं एका वळणाचं दिसावं म्हणून त्याला नियम ठरवून द्यायचे. अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, ओळ कुठं तोडायची, सुरुवातीला किती जागा सोडायची. नियम मोडला की ती ओळ लाल.

“आपल्याकडं लिंट म्हणजे जिनिंगातली रुई,” हे जेवताना म्हणाले. “ही पोट्टी माह्या कोडातली सरकी काढून राहिली.”

“निंगाली का?”

“चौदाशे ओळी लाल.”

मी हसले. हे हसले नाहीत.

“काही चुकलं होतं का?”

“चालते सारं. चालत्या कामाले लाल करते. माह्या हाताचं वळणच तिले पटत नाई.”

महादेवरावांनी मात्र सांगून टाकलं होतं. वीस जुलैच्या सोमवारपासून लाल ओळीचं काम घ्यायचं नाही. ज्याला जमत नसेल त्यानं डेटा एन्ट्रीच्या टेबलावर बसायचं. डेटा एन्ट्री म्हणजे कागदावर पाहून टाइप करणं. ते काम यांनी हजारेक पोरांना शिकवलं. त्या कामाची यांना लाज नव्हती. पण सात वर्षं धरून ज्या पायऱ्या चढले त्या सगळ्या उतरून पुन्हा तिथंच बसायचं, हे यांना सहन होत नव्हतं. आणि लिंटर आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायलाही तयार नव्हते. सकाळी डबा देताना मी विचारायची, “घेतला का?” हे चप्पल शोधायला लागायचे.

वर्ष २०१५. मृगात पेरलेलं वाळून गेलं होतं, मागच्या सालासारखंच. आमच्या घरी शेती नाही. पण विहारात वर्षावासाचं, पावसाळाभर चालणारं वाचन सुरू व्हायचं त्याच दिवसांत अर्ध्या बाया दुबार पेरणीच्या काळजीत. दुर्गाबाई शेजारी बसून माळ ओढावी तसं म्हणायची, “बियाणं कुठून आणू, बियाणं कुठून आणू.”

एक संस्था दुबार पेरणीसाठी बियाणं वाटणार होती. त्याचं पान महादेवरावांच्या ऑफिसानं केलं. फोनवर आपलं नाव टाकायचं, खाली कोणत्या केंद्रावर कोणत्या दिवशी जायचं ते दिसणार. हे काम यांचं. नियमाचा सोमवार यायच्या आधी यांनी ते देऊन टाकलं. पान शुक्रवारी सुरू झालं. गुरुवारीच पावसाची एक सर येऊन गेली होती, म्हणजे ओल फार तर तीन-चार दिवस टिकायची.

रविवारी दुपारी नगमा आली. स्कूटी फाटकात लावली, ओढणी सोडवली.

“काकू, सर हायेत?”

मी चहा ठेवला. तिनं लॅपटॉप उघडला, चहाकडं पाहिलंही नाही.

“सर, अब्बांचा फोन आल्ता. आमचं नाव दिसते, खाली कोरं. शेजारच्या सात घरांचं तसंच. लोकायले वाटून राहिलं का आपल्याले मिळालंच नाई.”

“म्या चांदूरच्या एकाचं नाव टाकून पाह्यलं होतं. दिसत होतं.”

“चांदूरले एकच केंद्र हाय, सर. वलगावले दोन जवळ पडतात. त्यातलं एक निवडून द्यायचं तिथं अटकलं.”

तिनं ती जागा काढली. मी यांच्या मागं उभी होते. इंग्रजीत एकच शब्द होता, रिटर्न, आणि त्याच्या पुढं ओळभर पांढरं. बाकीचं खाली.

“रिटर्न म्हणजे ‘दे’, काकू,” नगमा मला म्हणाली. “सरांनी ‘दे’ वरतं एकटा लिवला, काय द्यायचं ते खालतं. जावास्क्रिप्ट ‘दे’ वाचते, ओळ संपली दिसली की तिथंच विराम धरते. मंग काहीच देत नाई. भांडतही नाई. लिंटरनं ही खालची ओळ लाल केली असती.”

यांनी पडद्यावरच्या त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“प्रति,” म्हणाले.

“व्हय सर,” नगमा म्हणाली. “मले दिसलं तवा पयले तेच आठवलं.”

खालची ओळ उचलून तिनं ‘दे’च्या शेजारी बसवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग वलगावला फोन केला. पलीकडून इनायतुल्लाभाईंचा आवाज आम्हाला ऐकू आला, की आता आलं, मंगळवार लिहिलंय. मग बोलता बोलता ते म्हणाले, सातांपैकी दोघांनी वाट पाहून कालच घरचं जुनं, कीड लागलेलं बी पेरून टाकलं. ओल जाईल म्हणून.

नगमानं लॅपटॉप मिटला. चहा गार झाला होता, तो तसाच प्याली.

“सर, उद्यापासून साऱ्याच फायली नियमात घ्यायच्या हायेत. त्यात हे बी बदललेलं दिसन. कोनी काही इचारनार नाई.” ओढणी बांधत म्हणाली, “म्या तरी सांगत नाई.”

हे उठले. तिला फाटकापर्यंत सोडायला गेले, स्कूटी वळवून दिली.

संध्याकाळच्या वंदनेला पंचशील हे म्हणतात आणि मी मागून म्हणते. आमचा मुलगा सुगत पुण्याला गेल्यापासून असंच आहे. चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, यांचा आवाज खाली गेला. मी ते एकटीनं म्हटलं. पाचवं पुन्हा दोघांनी. मेणबत्ती विझवताना मी म्हटलं, “तुमी तर काही खोटं बोलले नाई अजून.”

“सोमवार कुठं झाला अजून.”

सकाळी पलंगाखालून मशीन ओढली. रिबन वाळलेली होती, अक्षरं राखेच्या रंगाची उमटली. प्रति, मग खाली महादेवराव. चार ओळींचा अर्ज. वलगावचं पान माझ्या चुकीनं कोरं राहिलं. नगमानं सांगितलेला नियम मी पाळला नव्हता. मला डेटा एन्ट्रीला बसवायचं असेल तर माझी हरकत नाही. मी वाचला आणि विचारलं, “एवढं लिहायची गरज हाय का?”

“पोट्टी माह्यासाठी खोटं बोलाले तयार झाली,” हे म्हणाले. “तिले म्याच शिकवलं ना.”

परत आले तेव्हा सहा वाजले होते. महादेवराव अर्ज वाचून म्हणाले म्हणे, “धर्मपालजी, तोंडी सांगतलं असतं तरी ऐकू आलं असतं मले.” मग रागावले, सगळ्यांसमोर. मग म्हणाले, ज्यांच्या नावाखाली कोरं होतं त्या सगळ्यांना फोन तुम्हीच करायचे, आणि महिनाभर डेटा एन्ट्रीचं टेबल. तेवढ्या दिवसांत जुन्या फायली नियमात आणल्या तर खुर्ची परत.

फोन तीन दिवस चालले. शिव्याही खाल्ल्या. जुनं बी पेरणाऱ्या दोघांपैकी एक नुसता “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं यांना जास्त लागलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

आता दिवसभर टेबलावर टाइप करतात आणि संध्याकाळी घरी लाल ओळी काढतात, हातानं, एकेक. नगमा परवा पाहून गेली.

“सर, यातल्या बाराशे तर एका कमांडनं होतात.”

“तुह्या होतात. माह्या हाताले सवय लावायची हाय.”

“मग मी बसते ना बाजूले.”

“बस. पन हात नोको लावू.”

ती बसली. अर्धा तास हे एकेक ओळ काढत गेले. मध्येच ती म्हणाली, “टॅब नाई, सर, स्पेस.” यांचं बोट बावीस वर्षं टॅबवर जात आलंय. यांनी बोट उचललं आणि स्पेस दोनदा दाबली.

आज सकाळी मी लिहीत असताना हे मागं येऊन उभे राहिले. मी पानाच्या वर ‘नमो बुद्धाय’ एकटं लिहिते, एक ओळ सोडते, मग दिवस सुरू करते.

“लाल करून राहिले का?” मी विचारलं.

“तुही वही मशीन वाचत नाई. राहू दे तसंच.” मग डबा उचलला, चप्पल लगेच सापडली. दारातून म्हणाले, “चारशे राहिल्या.”