बाभळीचा इस्तू

दोन हजार चोवीस साल, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. चैतात माझी घरची गेली. वाशीमच्या दवाखान्यात तीन दिवस मी अन् पोरगा तिच्यापाशी होतो. चौथ्या दिवशी दुपारी तिले गाडीतून घरी आणलं. अंगणात माणसं जमली होती. मी कोणाशी बोललो नाही. सरळ परसातल्या चुलीपाशी गेलो अन् राखेत हात घातला. राख गार होती.

लोकांले वाटलं असंल, बुढा भ्रमला. पण आमच्याकडं माणूस मसणात नेताना पुढं मडक्यात इस्तू, जिता निखारा, नेतात. पोरगा ते मडकं धरतो, अन् इस्तू घरच्या चुलीचा लागतो. घरात गॅस आला तेव्हा घरची खुश झाली होती. धुरानं तिचे डोळे खराब झाले होते. मी म्हणलो, गॅस तुले, परसातली चूल माझी. अंघोळीचं पाणी मी तिच्यावरच तापवत होतो अन् रोज सांजच्याले इस्तू राखेत दाबून ठेवत होतो. तीन दिवस घरी एकटी सून. तिले इस्तू दाबाचं सांगाचं माझंच राह्यलं.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण इस्तू राखणं मले मायनं शिकवलं ते कोणत्या शाळेत नव्हतं. मी आठनऊ वर्षांचा असंन. गावात लाईट नव्हती. काडीपेटी शेलूबाजारातून येत होती अन् कोनाड्यात देवाच्या दिव्यापुरती राहे. चुलीले काडी लावणं म्हणजे बाई आळशी. माय झोपाच्या आधी बाभळीचे दोन जाड निखारे निवडे, त्याच्यावर गवरीचा तुकडा, वरून राख, अन् वरून हात फिरवे, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. सकाळी राख उकरली का निखारा लाल. फुंकणीनं दोन फुंका, झालं. बाप चुलीपाशी बसून त्याच्यावरच बिडी पेटवे.

सकाळी आमच्या दारात लेकरं गवऱ्या घेऊन उभी राहत. माय गवरीच्या खळग्यात निखारा ठेवे अन् म्हणे, "हवेले पाठ देऊन जाय. पळू नको." ज्याचं तोंड सुकलेलं दिसे त्याले भाकरीचा तुकडाही देत असे. मी तिच्या बाजूले पाटलासारखा बसून राहो.

खालच्या आळीची एक पोरगी रोज ये. माझ्याच वयाची. मी तिले म्हणो, "काहून वं, तुया घरचा इस्तू आजबी मेला?" ती निखारा घे अन् जाय. एक दिवस मायनं ऐकलं अन् फुंकणी माझ्या पाठीत घातली. "तिच्या घरी कपाशीच्या पऱ्हाट्या जळतात. पऱ्हाटीचा इस्तू टिकते काय? बाभळी आपल्या वावराच्या धुऱ्यावर आहेत, त्याच्यात तुया काय मोठेपणा?"

मार लागला. मोठेपणा काही गेला नाही. आमच्या घरून लोक नेतात, आमी कोणाच्या दारात गवरी घेऊन गेलो नाही, हे मी लग्नात बायकोलेही सांगितलं होतं.

त्या दुपारी मी गार राखेपाशीच बसलो होतो, तं पोरगा परसात आला. "बाबा, गॅसवर गवरी पेटवतो. लोक खोळंबून राह्यले."

"खोळंबू दे," म्हणलो. गवरी घेतली अन् खालच्या आळीत गेलो.

ती पोरगी नवरा वारल्यावर माहेरीच येऊन राह्यली. आता तिचे गुडघे धरले आहेत, म्हणून आमच्याकडं आली नव्हती. चुलीपुढं बसली होती. तिच्याकडं गॅस नाही.

"इस्तू पाह्यजे," मी म्हणलो.

तिनं गवरीकडं पाह्यलं. "काहून भाऊ, तुया घरचा मेला?"

"मेला."

ती हासली नाही. म्हणाली, "या कामाले दुसऱ्या घरचा चालत नाही. तुले माहीत आहे."

"तुया चुलीत कोणाच्या घरून येत होता?"

"तुया मायनं देल्ला."

"मंग दुसऱ्याचा कसा?"

बाहेरून कोणी तरी मले हाका मारत होतं. मंग तिनं राख उकरली, दोन निखारे बाजूले सारले अन् तिसरा उचलून गवरीत ठेवला.

"हवेले पाठ देऊन जाय," म्हणाली. "पळू नको."

मी पळलो नाही. निखारा मडक्यात ठेवला, पोरानं मडकं धरलं. पुढचं जसं होते तसं झालं. मले रडू आलं नाही. हाताले गवरीचा वास होता, तेवढं ध्यानात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेले उठलो. परसात जाऊन जुनी राख टोपल्यात भरली, चूल सारवली. मंग एक गवरी घेतली अन् खालच्या आळीत तिच्या दारात जाऊन उभा राह्यलो.