आभाळातलं बी

बुलढाण्याहून मोताळ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीतली पोरगी, बोलताना सारखी मूठ आवळायची. फोनवर वडिलांना सांगत होती, "बाबा, एवढ्या लवकर एवढं मोठं झालं, म्हणजे बीच जड असलं पाह्यजे. तेच शोधून राह्यली मी."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "अजून किती वर्षं शिकशील, बाई?"

तिनं फोन ठेवला.

मी सोयाबीन पेरणारी बाई. मला राहवलं नाही. "कोणत्या कंपनीचं बियाणं हाय वं?"

ती खळखळून हसली. "मावशी, हे आभाळातलं बी."

विश्व अगदी लेकरू होतं, तेव्हाच काही कृष्णविवरं कोट्यवधी सूर्यांएवढी जड कशी झाली, हा तिचा अभ्यास. "तारा मेल्यावर इवलंसं बी उरलं अन् ते हावऱ्यासारखं खात सुटलं? का वायूचा अख्खा ढग कोसळून बीच मोठं पडलं?"

"मंग खरं कोणतं?"

"कोणालेच पक्कं माहीत नाही!"

हे ती इतक्या आनंदानं म्हणाली, की मला पेरणीआधीचं, काय उगवेल ते ठाऊक नसलेलं माझं रान आठवलं.

मोताळ्याला तिचे वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. उतरल्या उतरल्या ती मूठ आवळून त्यांना समजावू लागली. आता हे चिडणार, असं मला खिडकीतून वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिची पिशवी टाकीवर ठेवली अन् म्हणाले, "बस मांगं. हे तुह्या मायले बी सांग."